पऱ्हाटीची परदेशी नावे

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात बोरी अरब या गावच्या काळ्या शिवारात मृगाच्या पावसामागून जे पीक वर येते, त्याला तेथील शेतकरी एका नावाने कधीच हाक मारीत नाही. उभे झाड असेल तर ती पऱ्हाटी. तिला प्रथम लागते ती पाती. पुढे फूल आणि फुलामागून बोंड. बोंड उकलून जे हाती येते तो कापूस. त्यातली किडीने वा अवकाळी पावसाने करपलेली पाकळी ती कवडी. आणि हंगाम आटोपल्यावरही झाड उपटून न टाकता त्यावर पाण्याच्या बळाने जो मागला बहार घेतात तो फरदड. वेचलेला माल जिनात गेला की त्याचे दोन वाटे होतात, रुई आणि सरकी. सरकीतून तेल आणि ढेप निघते, रुई दाबून तिची गाठ बांधतात. आणि गावातल्या पिंजाऱ्याकडे जे काही उरते त्याची गादी तरी होते, नाही तर पूर्वीच्या चरख्यासाठी पेळू तरी वळले जात. एका वनस्पतीच्या आयुष्यक्रमासाठी इतकी नावे राखणाऱ्या या मुलखातून युरोपच्या भाषांकडे पाहिले, म्हणजे त्यांचे दारिद्र्य प्रथमदर्शनी आश्चर्यकारक वाटते. कारण तिकडील बहुतेक भाषांत झाडालाही तेच नाव, तंतूलाही तेच, सुतालाही तेच आणि पुष्कळदा कापडालाही तेच. परंतु थोडा विचार केला असता त्यात आश्चर्य करण्यासारखे काही राहत नाही. युरोपातील बहुतेक लोकांनी हे पीक शेतात उभे असलेले पाहिलेच नव्हते. त्यांच्या दारी ते आले ते जहाजातून वा उंटाच्या पाठीवरून, गाठोड्यात बांधलेल्या मालाच्या रूपाने, आणि ज्या व्यापाऱ्याने ते गाठोडे उतरविले त्याच्या तोंडचे नाव त्यांनी उचलले. म्हणून युरोपच्या नकाशावर कापसाचे शब्द मांडले, तर त्या वस्तूने आक्रमिलेल्या जुन्या मार्गांचाच नकाशा पुढे येतो. असे मार्ग ठळकपणे तीन दिसतात, आणि आणखी एक, सर्वांत जुना म्हणून पहिला, वाटेतच लुप्त झालेला आहे.

त्या लुप्त मार्गापासूनच आरंभ करणे योग्य, कारण तो आपला आहे. संस्कृतातील ‘कार्पास’ हा शब्द श्रौतसूत्रांच्या काळापासून आढळतो. तो मुळात आर्यभाषांचा नसून येथल्या प्राचीनतर लोकांच्या बोलीतून उचललेला असावा, असे काही भाषापंडितांचे मत आहे. प्राकृतात त्याचा ‘कप्पास’ झाला, हिंदी-गुजरातीत ‘कपास’ आणि मराठीत ‘कापूस’. शब्दाहून वस्तू कितीतरी पुरातन. मोहेंजोदडो येथील उत्खननात एका रुप्याच्या भांड्याला चिकटून राहिलेले कापडाचे अवशेष मिळाले, तेव्हा त्यांची तपासणी मुंबईत माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत टर्नर आणि गुलाटी या संशोधकांनी केली आणि १९२८ साली, तो तंतू खऱ्या कापसाचाच होय, असा निर्वाळा दिला. म्हणजे बॅबिलोनचे लोक लोकर आणि मिसरचे लोक जवसाच्या तागाचे वस्त्र नेसत असता, सिंधूच्या काठी कापसाचे सूत निघत होते.

हा ‘कार्पास’ पश्चिमेकडे निघाला तो इराणात ‘कर्बास’ झाला, आणि तेथे त्याचा अर्थ जाडेभरडे सुती कापड असा राहिला. यहुद्यांच्या धर्मग्रंथात एस्तेरच्या कथेत इराणी बादशहाच्या राजवाड्यातील पडद्यांचे वर्णन येते, त्यांत ‘कर्पस’ हा शब्द आहे. ग्रीकांनी त्याचा ‘कार्पासोस’ केला, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रापासून भडोचपर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवणाऱ्या अज्ञात नाविकाने आपल्या प्रवासवृत्तात तो भारतीय मालासंबंधीच वापरला. परंतु रोमन लोकांपर्यंत पोहोचताच शब्दाचे नशीब फिरले. लॅटिनमधील ‘कार्बासुस’ म्हणजे कोणतेही तलम, हलके कापड. प्लिनी तर हे नाव स्पेनमध्ये विणल्या जाणाऱ्या जवसाच्या तलम वस्त्राला खुशाल देतो. ल्युक्रेशियसच्या काव्यात ‘कार्बासुस’ हे रोमच्या नाट्यगृहावर उन्हासाठी ताणलेले, वाऱ्याने फडफडणारे छत आहे, आणि व्हर्जिलच्या महाकाव्यात ते गलबताचे शीड आहे. वऱ्हाडातल्या पऱ्हाटीच्या पूर्वजाचे नाव भूमध्य समुद्रावर शीड होऊन फुगले, ही कल्पना रम्य खरी. पण त्या फुगण्यातच त्याचा अर्थ उडून गेला. रोमचे साम्राज्य मोडले, शिडे उतरली, आणि ‘कार्बासुस’ हा शब्द कोशांत गाडला गेला. ज्या देशाने वस्तू दिली त्या देशाचे तिचे नाव आज युरोपातील एकाही मोठ्या भाषेच्या नित्य व्यवहारात शिल्लक नाही. (अपवाद एकच, आणि तो बाजारातला: भारतीय कापसाविषयीच्या इंग्रजी व्यापारी वृत्तांत सरकीसकट मालाला ‘कपास’ आणि सरकी काढलेल्या मालाला ‘लिंट’ असे म्हणण्याची वहिवाट आहे, इंग्रजीला तो भेद एका शब्दात करता येईना, म्हणून तिने आपल्याकडून तो उसना घेतला.)

दुसरा मार्ग अरबांचा. बोरी अरब या गावाच्या नावात ‘अरब’ हे पद आहे. बोरी नावाची गावे महाराष्ट्रात अनेक असल्यामुळे ओळखीसाठी असे एखादे पद पुढे जोडण्याची चाल सर्वत्र आहे, आणि वऱ्हाड-नागपूरच्या इतिहासाला अरब अपरिचितही नाहीत. निजामाच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या पदरी अरब शिपायांची पथके असत, आणि १८१७ सालच्या सीताबर्डीच्या लढाईत इंग्रजांना जो खरा चिवट विरोध झाला तो त्यांचाच. पण या प्रकरणाला प्रयोजन आहे ते या तलवारबहाद्दरांचे नव्हे, त्यांच्या कित्येक शतके आधीच्या माळी आणि व्यापारी अरबांचे. त्यांनी कापसाला ‘कुत्न’ म्हटले, त्याचे बी सीरिया, मिसर, सिसिली आणि स्पेनपर्यंत नेले, आणि जेथे जेथे लागवड केली तेथे तेथे शब्दही पेरला.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. स्पॅनिशमध्ये कापसाला ‘अल्गोदोन’ म्हणतात आणि पोर्तुगीजमध्ये ‘अल्गोदांव’. या दोहोंच्या आरंभी अरबीतले ‘अल्’ हे निश्चयवाचक उपपद शब्दाला कायमचे चिकटलेले आहे. इटालियन ‘कोतोने’, फ्रेंच ‘कोतों’, डच ‘कातून’ आणि इंग्रजी ‘कॉटन’ या शब्दांत मात्र ते नाही. असे का व्हावे? स्पेनमध्ये अरब-बर्बर अंमल आठव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत कमी-अधिक मुलखावर चालू होता. तेथील शेतकरी आणि मजूर रोजच्या बोलण्यातून शब्द उचलीत होते, आणि बोलण्यात ‘अल्’ सुटा ऐकू येत नाही. इटलीचे व्यापारी उलट तो माल बंदरावर खरेदी करीत. त्यांना नाव हवे होते, व्याकरण नको होते. साखरेच्या बाबतीत हेच घडले आहे: मूळ ‘शर्करा’, अरबीत ‘सुक्कर’, स्पॅनिशमध्ये उपपदासह ‘असूकार’, इटालियनमध्ये उपपदावाचून ‘झुक्केरो’. शेजारी म्हणून घेतलेला शब्द आणि गिऱ्हाईक म्हणून घेतलेला शब्द यांची अंगकाठी अशी निराळी असते.

याच ‘अल्-कुत्न’पासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘ओक्तों’ असा आणखी एक शब्द निघाला, आणि त्याचा अर्थ कापूस नव्हे, तर योद्ध्याने चिलखताच्या आत घालावयाचे, कापूस भरून टाचलेले जाड बंडीसारखे वस्त्र. जर्मनांनी तर एकाच वस्तूसाठी दोन मार्गांचे दोन शब्द घेतले आणि त्यांचे काम वाटून दिले: तंतूला एक देशी शब्द, ज्याचा विचार पुढे येईलच, आणि डचांकडून आलेल्या ‘काटून’चा अर्थ केवळ छापील सुती कापड, म्हणजे आपल्याकडील चीट. इंग्रजांनी ‘कॉटन’ला जितके अर्थ दिले तितके दुसऱ्या कोणी दिले नसतील. इंग्लंडमधील शिंप्याच्या दुकानात ‘कॉटन’ मागितले तर शिवणाचा दोरा मिळतो. जखमेवर ठेवावयाचा कापूस हवा असेल तर ‘कॉटन वुल’, म्हणजे ‘कापूस-लोकर’, असे परस्परविरोधी नाव घ्यावे लागते. आणि सर्वांत मौज अशी की, सोळाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या इंग्रज कायद्यांत ज्या ‘मँचेस्टर कॉटन्स’चा उल्लेख येतो, ते कापड शुद्ध लोकरीचे होते! लोकरीच्या कापडावर घासून लव उठविण्याच्या क्रियेला तेव्हा हा शब्द लावीत; मँचेस्टरला खरा कापूस पोहोचण्यापूर्वीच त्याचे नाव तेथे येऊन बसले होते. जमाबंदीच्या दप्तरात खातेदार आधी नोंदवावा आणि जमीन मागाहून शोधावी, तशातलाच हा प्रकार.

तिसरा मार्ग इराणचा आणि कुस्तुंतुनियाचा. मध्ययुगीन पारसीकांचा शब्द ‘पंबक’. त्याचाच आजच्या फारसीत ‘पंबा’ झाला आहे. ग्रीकांनी त्याचा ‘बंबाक्स’ केला. आधुनिक ग्रीकमध्ये तो ‘वंवाकी’ असा जिवंत आहे. तुर्कांनी ‘पामुक’ म्हटले, आणि तुर्की अंमलाबरोबर हा शब्द बाल्कन प्रदेशात शिरला. सर्ब, क्रोट आणि बल्गार आजही ‘पामुक’च म्हणतात, हंगेरियन ‘पामुत’ म्हणतात, आणि मुळात लॅटिनची लेक असलेली रुमानियन भाषासुद्धा ‘बुंबाक’ म्हणते. दक्षिण आणि पूर्व युरोपात कोणता शब्द रूढ झाला हे पाहिले, की कोणत्या गावावर सुलतानाचा वा कैसराचा महसुली हुकूम चालत होता आणि कोणत्या गावाचा व्यवहार व्हेनिस-जिनोव्हाच्या पेढ्यांशी होता, याचा बराचसा अंदाज बांधता येतो. इटलीत दोन्ही मार्गांचे शब्द एकत्र नांदतात: कापड आणि सूत ‘कोतोने’चे, पण पिंजलेला मऊ कापूस ‘बंबाजा’, आणि लाडाकोडात वाढलेल्या मनुष्याविषयी, तो ‘बंबाजात’ राहतो, असे इटालियन म्हणतो. स्पॅनिश माणूसही असल्या मुलाला ‘अल्गोदोनांच्या मध्ये’ वाढलेला म्हणतो. कापसाच्या मऊपणावर सर्वांचेच एकमत दिसते. फ्रेंच तेवढे वेगळ्या वाटेने जातात, आणि ज्याची प्रकृती वा धंदा ढासळत चालला आहे तो ‘वाईट कापूस कातीत आहे’ म्हणतात, जे ऐकून आपल्या जुन्या कातणाऱ्या बायांना अर्थ विचारावा लागला नसता.

‘बंबाक्स’ शब्दाने लॅटिनमध्ये आणखी एक घोटाळा केला. रेशमाच्या किड्याचे लॅटिन नाव ‘बाँबिक्स’; दोन्ही शब्द इतके सारखे, आणि लिहिणाऱ्यांनी दोन्ही वस्तू मुळाशी पाहिलेल्या इतक्या थोड्या, की शेकडो वर्षे कापूस आणि रेशीम यांची नावे एकमेकांच्या घरात जाऊन बसत. यातूनच इंग्रजीचा ‘बाँबझीन’ हा कापडाचा प्रकार आला, जो आरंभी रेशमाचा होता आणि पुढे रेशीम-लोकरीचा, कधी सुताचाही होऊ लागला. यातूनच ‘बाँबास्ट’ही आला. सोळाव्या शतकात इंग्रज सरदारांच्या अंगरख्यांत छाती आणि बाह्या फुगीर दिसाव्यात म्हणून जो कापूस कोंबीत त्याचे नाव ‘बाँबास्ट’. मग ज्या भाषणात आशय थोडा आणि फुगवटा फार, त्यालाही तेच नाव पडले, आणि आज मूळ अर्थ विसरून केवळ शब्दावडंबर एवढाच अर्थ राहिला आहे. मराठीत याच्या जवळ जाणारी वस्तू म्हणजे कापूसकोंड्याची गोष्ट. तीतही कापूस आहे, कोंबणे आहे आणि निष्पन्न काहीच नाही. पोलिश भाषेत याच्याच शेजारचा वाक्प्रचार आहे: आडवळणाने बोलणाऱ्याला ते ‘कापसात गुंडाळून’ बोलतो म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या लांबलचक वाक्यांकडे पाहून कोणा पोलिश वाचकास तो आठवला, तर त्यास दोष देता येणार नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञांनीही या शब्दाला हात घातला. यवतमाळच्या रानांत शिमग्याच्या सुमारास लाल फुलांनी निष्पर्ण उभी राहणारी काटेसावर शास्त्रीय परिभाषेत ‘बाँबॅक्स’ कुळीची, कारण तिच्याही बोंडातून मऊ तंतू निघतो. खऱ्या कापसाला लिनियसने दिलेले कुळनाम मात्र ‘गॉसिपियम’. ते प्लिनीच्या ग्रंथातून, वरच्या मिसरात उगवणाऱ्या एका झाडाच्या वर्णनावरून घेतलेले आहे.

या पारशी शब्दाचा सर्वांत चमत्कारिक प्रवास रशियात झाला. रशियन भाषेत ‘बुमागा’ म्हणजे कागद. परंतु हा शब्द त्याच ‘बंबाक्स’-‘बंबाजा’च्या कुळातला, आणि त्याचा आधीचा अर्थ कापूसच. मध्ययुगात युरोपात आलेला पूर्वेकडचा कागद कापसाचा बनविलेला आहे असा सार्वत्रिक समज होता. तो खोटा असला, तरी शब्दाने त्यावर विश्वास ठेवला. पुढे कागद नित्याचा झाला आणि कापूस मागे पडला, तेव्हा रशियनांना कापसासाठी विशेषण जोडून ‘पुंजक्यांचा बुमागा’ असे म्हणण्याची पाळी आली. त्यातील पुंजक्याच्या शब्दापासून आजचे ‘ख्लोपोक’ हे कापसाचे नाव झाले आहे. तथापि जुनी गाठ अजून सुटलेली नाही. सुती कापडासाठी रशियन जे विशेषण वापरतो त्यात ‘बुमागा’ अद्यापि दडून आहे, म्हणजे मॉस्कोचा नागरिक सुती सदरा घालतो तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशेबाने तो कागदाचा सदरा घालतो.

आता उरला तो चौथा प्रकार, आणि माझ्या मते सर्वांत रसपूर्ण. कारण येथे शब्द उसना घेतलेला नाही, केवळ कल्पना घेतली आहे. जर्मन भाषेत कापसाला ‘बाउमवोल्ले’ म्हणतात, म्हणजे झाडाची लोकर. स्वीडिश ‘बूमुल’ आणि डॅनिश ‘बोमुल’ यांचा अर्थ तोच. आइसलँडच्या भाषेतही पूर्वपद झाडाचे आणि उत्तरपद लोकरीचे. ज्या फिनिश आणि एस्टोनियन भाषांचा या कुळाशी रक्ताचा संबंध नाही त्यांनी स्वतःची पदे जुळवून ‘पूविल्ला’ आणि ‘पूविल’ असे शब्द घडविले. लिथुआनियनने ‘मेद्विल्ने’ आणि लाटवियनने ‘कोक्विल्ना’. सर्वांचा अर्थ वृक्षलोकर. चेक आणि पोलिश लोकांनी तर जर्मन शब्द अर्धा गिळला आणि अर्धा भाषांतरिला: ‘बाव्लना’, ‘बाव्हेउना’, यांतील ‘बाव्’ म्हणजे जर्मन ‘बाउम’चा उरलेला तुकडा, आणि पुढचे पद त्यांचे स्वतःचे, लोकरीचे. हे ‘व्लना’, ‘वोल्ले’, ‘विल्ना’ आणि लॅटिन ‘लाना’ सारे एकाच आदिम शब्दाची अपत्ये, आणि त्याच शब्दाचे संस्कृत रूप ‘ऊर्णा’. कार्पासाला युरोपात थारा मिळाला नाही हे खरे. पण त्याच्या जर्मन नावात ऊर्णेचा एक दूरचा भाऊ बसलेला आहे, हेही तितकेच खरे.

ही कल्पना मुळात कोणाची? इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने आपल्या इतिहासाच्या तिसऱ्या ग्रंथात लिहिले की, भारतात रानटी झाडांना फळाच्या ठिकाणी लोकर येते, ती मेंढीच्या लोकरीहून सुंदर आणि चांगली असते आणि तेथील लोक तिचीच वस्त्रे करतात. त्याच्याही दोनअडीच शतके आधी असुरांचा राजा सेन्नाखेरिब याने आपल्या बागेत लावलेल्या ‘लोकर धरणाऱ्या झाडांचा’ शिलालेखात अभिमानाने उल्लेख केला आहे. म्हणजे ज्याला मेंढी ठाऊक आहे आणि कापूस ठाऊक नाही, अशा प्रत्येकाच्या मनात प्रथम हीच उपमा आली. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर थिओफ्रास्टसला अधिक अचूक माहिती मिळाली होती. भारतीय लोक ही झाडे मैदानात ओळींनी लावतात आणि लांबून ती द्राक्षवेलींसारखी दिसतात, असे तो लिहितो, आणि श्रावणात दारव्ह्याच्या वाटेवरून जाणाऱ्या कोणालाही या वर्णनातील ओळी तत्काळ ओळखू येतील.

पण आपल्या शेतातील पऱ्हाटी कमरेएवढी, फार तर छातीएवढी. तिला ‘झाड’ म्हणताना हिरोडोटसने अतिशयोक्ती केली काय? तसे म्हणता येणार नाही. आज शिवारात दिसणारी वार्षिक कपाशी ही शतकानुशतकांच्या निवडीचे फळ आहे. तिचे जुने रूप बहुवर्षायू आणि उंच वाढणारे होते. देवाच्या वातींसाठी परसात वा देवळामागे जो देवकापूस लावतात, तो वर्षानुवर्षे टिकतो आणि पुरुषभर उंचीच्याही वर जातो. आपल्या जुन्या देशी कपाशीच्या जातीला शास्त्रज्ञांनी दिलेले ‘आर्बोरियम’ हे नावही वृक्षासारखी याच अर्थाचे. ग्रीक इतिहासकाराची साक्ष तपासावयाची असेल, तर कोशापेक्षा एखाद्या आजीच्या परसातले देवकापसाचे झाड अधिक भरवशाचे.

उत्तरेकडच्या लोकांना मात्र झाड दिसले नाही, केवळ ‘झाडाची लोकर’ हे शब्द ऐकू आले, आणि त्यांनी त्यातून मेंढीच निर्माण केली. चौदाव्या शतकात जॉन मँडेव्हिल या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात अशा एका फळाची हकिकत आहे की, ते पिकल्यावर चिरले असता आत रक्तमांसाचे लहानसे कोकरू निघते. पुढे तार्तर देशातील या ‘वनस्पती-कोकराची’ चित्रे निघाली, देठावर उभे असलेले, भोवतालचे गवत संपले की मरणारे. आणि विद्वानांनी त्यावर गंभीरपणे वादही केले. हेन्री ली या इंग्रज ग्रंथकाराने १८८७ साली एक स्वतंत्र पुस्तक लिहून, या कथेचे मूळ कापसाच्या बोंडात आहे, असे प्रतिपादन केले.

हे झाले शब्द तिकडे जाण्याविषयी. एकोणिसाव्या शतकात मात्र वऱ्हाडातूनच एक शब्द युरोपात गेला, आणि तो कोशात नव्हे, थेट सौद्यात. १८५३ च्या तहनाम्याने निजामाने वऱ्हाडचा मुलूख फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या हवाली केला होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशांहून अधिक हिस्सा एकाएकी तुटला. मग इंग्रजांची दृष्टी काळ्या मातीकडे वळली. तोवर भारतीय कापसाला लिव्हरपूलमध्ये सरसकट ‘सुरत’ म्हणत. त्याचा धागा आखूड, त्यात माती आणि पालापाचोळा. त्यामुळे अमेरिकी कापसावर हात बसलेल्या मजुरांना तो काततानाच कंटाळा येई, आणि त्यांच्या बोलीत ‘सुरत’ हे भेसळीच्या वा हलक्या मालाचे विशेषणच होऊन बसले. कापूस मिळावा म्हणून एका प्रार्थनासभेत ईश्वराची करुणा भाकली जात असता, ‘पण प्रभो, सुरत नको’ असे कोणी मागून म्हणाल्याची आख्यायिका लँकेशायरमध्ये सांगत असत. एका नामांकित बंदराच्या वाट्याला असा अर्थ यावा, हा अन्यायच. कारण माती बहुधा गाठी बांधणाऱ्या दलालाने घातलेली असे.

वऱ्हाडचा माल त्या मानाने नशीबवान ठरला. अमरावतीच्या पेठेवरून त्याला ‘ऊमरावती’ आणि पुढे तोकडे करून ‘ऊमरा’ असे नाव पडले. हिंगणघाटच्या तलम धाग्याचे नाव त्याहूनही वरचढ होते. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावची रेल्वे शाखा खुली केली, ती तेथील कापूस बाजारासाठीच. मुंबईत कुलाब्याला आणि पुढे शिवडीला होणाऱ्या वायद्याच्या सौद्यांत, तसेच लिव्हरपूलच्या आणि जर्मनीतील ब्रेमेनच्या दलालांच्या कागदांत, ‘ऊमरा’ हा भाव सांगण्याचा एक प्रमाण शब्द झाला. तो उच्चारणाऱ्या ब्रेमेनच्या दलालास अमरावती कोठे आहे याची खबर असण्याचे कारण नव्हते. त्याच्या लेखी ती एक प्रत होती, ठराविक लांबीच्या धाग्याची. बोरी अरब आणि आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्यांनी पेठेत गेलेला कापूसही याच एका नावाखाली गाठींत बांधला जाऊन समुद्रापार होई.

ही गाडीवाट पुढे लोखंडाची झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या व्यवस्थेखाली यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरपर्यंत सुमारे ११३ किलोमीटरचा, अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग टाकण्यात आला, आणि मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर चढलेला कापूस मुंबईच्या गोदीत जाऊ लागला. लोकांनी पुढे त्या गाडीला ‘शकुंतला’ म्हटले. तिला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले होते. ते १९२३ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे ज्या गिरण्यांसाठी ते आणले त्यांतील बहुतेक बंद पडल्यानंतरही, या मार्गावर धावत राहिले.

त्या मँचेस्टरच्या नावालाही अर्थांतर टळले नाही. कापूस पिकविणाऱ्या अमरावतीचे ‘ऊमरा’ युरोपच्या बाजारपत्रकांतून वायद्यांबरोबरच नाहीसे झाले. कापूस विणणाऱ्या शहराचे नाव मात्र भाषांत घट्ट रुतून बसले. जर्मनीत ‘मँचेस्टर’ म्हणजे उभ्या रेघांचे, लव असलेले जाड सुती कापड, ज्याला आपण कॉर्डरॉय म्हणतो. स्वीडिशमध्येही तोच अर्थ, आणि चेक भाषेत तर त्याचे ‘मान्शेस्त्र’ असे अगदी घरगुती रूप झाले आहे. प्रागमध्ये कोणी ‘मान्शेस्त्राची’ विजार मागितली, तर त्याला इंग्लंड अभिप्रेत नसते. ऑस्ट्रेलियात अर्थ आणखी बदलला: तेथील मोठ्या दुकानात ‘मँचेस्टर’ अशी पाटी ज्या दालनावर असते, तेथे पलंगपोस, उशांचे अभ्रे आणि पंचे मिळतात, आणि त्यांतले पुष्कळसे हल्ली भारतातूनच विणून गेलेले असतात.